मुलीच्या नर्सिंगसाठी कर्ज : हप्ता आणि पगार यांचा हिशेब

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा असे विषय घेतो. यावेळी विषय थोडा निराळा आहे, पण तो माझ्याकडे उसाच्याच वाटेने आला. आडसाली लागणीच्या तोंडावर एक सभासद गट कार्यालयात आले. खताची उचल मागायला आले असतील असे मला वाटले. ते म्हणाले, "साहेब, येणाऱ्या उसावर काही रक्कम मिळेल का? पोरगीला नर्सिंगला घालायचीय. एक जण म्हणतोय, आठ दिवसांत पैसे भरा, सीट पक्की करून देतो." मी विचारले, कोर्स कोणता? त्यांना सांगता आले नाही. फी किती? पहिल्या वर्षाची तेवढी माहीत होती. पास झाल्यावर पगार किती मिळेल? म्हणाले, "सरकारी नर्सला चांगला असतो की."

एकरी किती पोती खत टाकले आणि किती टन निघाला हे ज्यांना तोंडपाठ असते, ते गृहस्थ चार वर्षांच्या कर्जात कागदावर एक आकडा न मांडता उतरायला निघाले होते. त्यांना मी नावे ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही हेच झाले आहे.

माझी थोरली बहीण डहाणूला, मसोलीत दिली आहे. भाऊजींची थोडी चिकूची बाग आहे. भाचीने २०१९ साली जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके मिळून वर्षाला ८०,००० रुपये याप्रमाणे तीन वर्षांचे २,४०,००० रुपये बँकेकडून कर्ज काढले. पोरगी हुशार, पहिल्या फटक्यात पास झाली. एका लहान खाजगी दवाखान्यात कामाला लागली, तेव्हा हातात पडत होते महिना ११,००० रुपये. खोली आणि जेवणाचे ५,००० जायचे. शिक्षण संपल्यावर वर्षभराने बँकेचा हप्ता सुरू झाला, तो ४,१२३ रुपयांचा. दिवाळीला मी मसोलीला गेलो होतो, तेव्हा तिने वहीच माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "मामा, दोन हजारसुद्धा उरत नाहीत. आणि कर्ज घेतलं होतं दोन लाख चाळीस हजार, बँक तीन लाख बारा हजार म्हणते. हे वरचे बहात्तर हजार कुठून आले?"

त्या बहात्तर हजारांपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेकांना न दिसणारी गोष्ट तीच आहे. पीककर्ज वेळेत फेडले तर आपल्याला तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, म्हणून व्याजाची धास्ती आपल्याला कमी. शैक्षणिक कर्जाचे तसे नाही. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत. मात्र 'हप्ता नाही' याचा अर्थ 'व्याज नाही' असा होत नाही. पहिल्या दिवसापासून सरळ व्याज चढत असते आणि फेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते. व्याज १० टक्के धरू. भाचीच्या पहिल्या वर्षाच्या ८०,००० वर चार वर्षांचे व्याज चढले, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर तीन वर्षांचे आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे. म्हणजे वर्षाचे ८,००० याप्रमाणे नऊ वर्षांचे ७२,०००. बँकेचे काही चुकलेले नव्हते.

चुकले होते ते आमचे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर या शिक्षणाच्या काळातले व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना २००९ पासून आहे, आणि मान्यताप्राप्त नर्सिंग अभ्यासक्रम त्यात बसतो. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो आणि 'या योजनेत नाव घाला' असे स्पष्ट सांगावे लागते. भाऊजींनी दाखला काढला होता, पण तो कॉलेजात दिला. बँकेत कोणी मागितला नाही, यांनी दिला नाही. नाव लागले असते तर दहा वर्षांच्या फेडीत हप्ता ४,१२३ च्या जागी ३,१७२ पडला असता. अकरा हजारांच्या पगारात महिन्याला साडेनऊशे रुपये थोडे नाहीत.

आता कोर्स कोणता, ते आधी नीट समजून घेऊ. 'नर्सिंग' या एका शब्दाखाली बाजारात फार काही विकले जाते. खरे कोर्स तीन. ए.एन.एम. दोन वर्षांचा, यातून उपकेंद्रावरची आरोग्य सेविका तयार होते. जी.एन.एम. तीन वर्षांचा. आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. तिन्ही बारावीनंतरचेच. यांपैकी एक पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि कायद्याने नर्स म्हणून काम करायला ती नोंदणी लागते. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' वगैरे जे प्रमाणपत्र कोर्स निघाले आहेत, त्यांतून नर्स म्हणून नोंदणी होत नाही. ते शिकून काम मिळते, नाही असे नाही. पण ते मदतनिसाचे काम. त्यासाठी कर्ज काढू नये, असे माझे सरळ मत आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना नर्सिंगकडे वळवले, तेव्हा अडचण होती ती लोकांच्या बोलण्याची. पैशाची त्यामानाने कमी. पुढेही सरकारी रुग्णालयातल्या शाळेत मुलगी राहायची, वॉर्डात काम करता करता शिकायची आणि वर विद्यावेतन मिळायचे. पुढे खाजगी संस्था निघाल्या, जागा वाढल्या, आणि शिकणाऱ्याला मिळणारे पैसे शिकणाऱ्याकडून घेतले जाऊ लागले. सरकारी जागा आजही स्वस्त आहे. म्हणून पहिली धडपड त्या जागेसाठी करावी, खाजगीचा विचार मागाहून.

पगाराचे बोलू. सरकारी पगार आकर्षक आहे यात शंका नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे २५,५०० पासून; महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटी काम मिळते, त्यात २५,००० मानधन आणि कामानुसार १५,००० पर्यंत मोबदला अशी रचना आहे. पण सरकारी जाहिरात दरवर्षी निघत नाही. निघाली तर परीक्षा, मग यादी, मग कागद तपासणी. त्यात दोन वर्षे सहज जातात. शिवाय भरती कंत्राटी होऊ लागली आहे. त्याविरुद्ध आणि वेतनातील तफावतीबद्दल राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी जुलै २०२५ मध्ये संप केला होता. बँकेचा हप्ता मात्र जाहिरातीची वाट पाहत नाही. म्हणून हिशेब मांडायचा तो पहिल्या खाजगी नोकरीच्या पगारावर. सरकारी लागली तर सोन्याहून पिवळे.

खाजगीत किती मिळावे याबद्दल एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्देश दिले, त्यानुसार केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितले की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार असावा, १०० ते २०० खाटांत फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखालीही २०,००० पेक्षा कमी नसावा. ही शिफारस आहे. तालुक्याच्या गावातल्या वीस-तीस खाटांच्या दवाखान्यात जाऊन विचारा, म्हणजे शिफारस आणि व्यवहार यांतले अंतर कळेल. भाचीचे ११,००० मी वर सांगितलेच.

केरळचे उदाहरण घ्या. तिथल्या मुली पिढ्यान् पिढ्या या धंद्यात आहेत, देशात आणि आखातात पसरलेल्या. तिथेही कर्ज काढून नर्सिंग शिकलेल्यांचे हप्ते पगारातून निघेनात. शेवटी २०१७ साली राज्य सरकारला शैक्षणिक कर्जाच्या फेडीला हातभार लावणारी योजना आणावी लागली, आणि खाजगी नर्सेसच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान वेतन २०,००० ठरवावे लागले. ज्या राज्याचा या कामात हात धरणारे कोणी नाही, तिथली ही गोष्ट.

आता आपला हिशेब. बी.एस्सी. नर्सिंगला सगळे मिळून वर्षाला एक लाख लागतात आणि ते सगळे कर्जाने उभे करायचे, असे समजा. चार वर्षांत चार लाख. १० टक्क्यांनी फेड सुरू होईपर्यंतचे व्याज १,४०,०००. म्हणजे फेड ५,४०,००० ची. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ७,१३६ आणि एकूण भरणा साधारण ८,५६,०००. पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ५,८०३ वर येतो, पण एकूण भरणा १०,४४,००० च्या पुढे जातो. हप्ता लहान दिसतो म्हणून लोक लांब मुदतीला भुलतात. मुलगी चाळिशीला येईपर्यंत हप्ते चालू, हे ध्यानात येत नाही.

व्याजसवलत मिळत नसेल तर एक वाट आहे. शिकत असतानाच व्याज भरत जा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपये पडतात, चौथ्या वर्षी आणि नंतरच्या वर्षी ३,३३३. ते भरले तर फेडीला चारच लाख उरतात, हप्ता ५,२८६ होतो, आणि भरलेले व्याज धरूनही एकूण ८२,००० च्या आसपास वाचतात. शिवाय असे व्याज भरणाऱ्याला पुष्कळ बँका दरात एक टक्का सूट देतात, विचारून घ्यावे. उसाचे पहिले बिल आले की वर्षाचे व्याज एकदम भरून टाकणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

मी स्वतः एक माप लावतो. हप्ता पहिल्या पगाराच्या चौथाईपेक्षा जास्त नसावा. हातात २०,००० पडणार असतील तर हप्ता ५,००० पर्यंत. दहा वर्षांच्या मुदतीत त्या हप्त्याला बी.एस्सी.साठी वर्षाला ७०,००० पर्यंत कर्ज झेपते आणि जी.एन.एम.साठी ९७,००० पर्यंत, कारण ते एक वर्षाने कमी. हातात १५,०००च पडणार असतील तर हेच आकडे ५२,००० आणि ७२,००० वर येतात. यावर जेवढे लागेल तेवढे घरातून उभे करता येते का ते बघा. येत नसेल तर कॉलेज बदला. पगार काय मिळेल हे कॉलेजच्या माहितीपत्रकात वाचू नका. तिथूनच दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या दोन मुली गाठा आणि त्यांनाच विचारा.

मुलींसाठी आता एक मोठी सोय झाली आहे, ती पुष्कळांना माहीत नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेवरून फेरीने होतो. दुसऱ्या कोर्ससाठी ही सवलत लागू आहे का ते कॉलेजकडून लेखी घ्यावे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात, की माफी गेली. अभिमत विद्यापीठात गेलात, तरी गेली. आमच्या सभासदाला 'सीट पक्की करतो' म्हणणारा गृहस्थ नेमका हा फायदा घालवायचे पैसे मागत होता! माफी मिळाली तर कर्ज उरते ते राहण्या-जेवणाचे, आणि त्यालाही पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या मुलांना मिळू शकतो.

राज्याच्या सीमेचाही विचार करावा. डहाणू-तलासरीकडच्या मुलांना वापी-वलसाड जवळ, आपल्या काही गावांना कर्नाटक जवळ. तिकडे फी कमी सांगतात. पण आपल्या राज्याची फेरी तिथे नाही, म्हणून वरची माफीही नाही. शिवाय नोंदणी आधी तिकडच्या परिषदेत होते, मग इकडे आणावी लागते, त्यात महिने जातात. तेवढे महिने पगाराविना धरून हिशेब करावा.

तारणाबद्दल. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे जमीन तारण लागत नाही, आणि पत हमी निधीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंतही लागत नाही. तेव्हा एवढ्या कर्जासाठी सातबारावर बोजा चढवू देऊ नका. मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर मुलीच्या नावाबरोबर वडिलांचेही नाव खराब होते, आणि उद्या ठिबकसाठी नाहीतर ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलात की ते समोर येते.

आणि एक माझ्या खात्याचे. प्रवेशाची फी आणि आडसाली लागण एकाच हंगामात येतात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. तोवर उसाचे बिल संपलेले असते. मग सोसायटीचे पीककर्ज फीला जाते आणि उसाला बेसल डोस राहून जातो. मी असे प्लॉट बघतो. लागण वेळेवर झालेली असते, बेणेही चांगले असते, पण ऊस पोसत नाही. एकरी दहा टनांची घट आली आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० जरी धरले, तरी एकरी ३०,००० गेले. हे पैसे बँकेच्या कोणत्याही व्याजापेक्षा महाग पडले. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या बिलातून पहिल्या वर्षाची फी बाजूला काढावी, आणि नाहीच जमले तर शैक्षणिक कर्जच घ्यावे. खताचा पैसा खताला राहू द्यावा.

परदेशाचे पुष्कळ बोलले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. वाट खरी आहे. पण तिथे त्यांची भाषा चांगली यावी लागते, आणि एकूणच बाहेर जायला आधी इथल्या रुग्णालयातला अनुभव मागतात. म्हणजे इथली पहिली दोन-तीन वर्षे इथल्याच पगारावर काढायची आहेत आणि हप्ता त्याच वर्षांत सुरू होणार आहे.

भाचीचे पुढे काय झाले ते सांगतो. त्या दवाखान्याने रुजू होतानाच तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. दोन वर्षे सोडून जायचे नाही म्हणून. सरकारी भरतीची कागद तपासणी आली तेव्हा ती मिळेनात. हा जुना आजार आहे. २०११ मध्ये मुंबईतल्या खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी याच बॉण्डविरुद्ध आणि कागद अडकवण्याविरुद्ध संप केला होता. भाऊजी दोनदा खेपा घालून आले, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागितली, तेव्हा कागद हातात आले. तोवर तपासणीची तारीख गेली होती. आता ती दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात आहे, हातात १८,००० पडतात, हप्ता वेळेवर जातो. पुढच्या जाहिरातीचा अभ्यास रात्रपाळीत चालू आहे. रुजू होताना मूळ कागद दाखवावेत आणि छायांकित प्रत द्यावी, हे तिने तिच्या मागच्या बॅचच्या मुलींना सांगून ठेवले आहे.

गट कार्यालयात आलेले सभासद दुसऱ्या दिवशी मुलीलाच घेऊन आले. तिघांनी बसून वरचा हिशेब कोऱ्या चिटाच्या पाठीवर मांडला. मुलीने सामायिक परीक्षा दिलेली होती, घरात कोणी तिला फेरीचे विचारलेच नव्हते. त्यांनी त्या गृहस्थाला नकार कळवला आणि फेरीचा अर्ज भरला. अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, त्यासाठी तहसील कचेरीत चार दिवस गेले. ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर ही कागदपत्रे निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावीत. उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती करून एक बँकेसाठी वेगळी ठेवावी.